पाण्यात देऊळ आहे का

आमच्या मनोऱ्यात रडार नाही.
तीन बाजूंना काच आहे,
एक दुर्बीण, जिचा डावा डोळा आंधळा,
आणि कागदाच्या पट्ट्या.
त्यांवर मी विमानं लिहिते.

डिसेंबर. सव्वापाच.
होटगी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर,
कुठंतरी पाचट पेटवलेलं, धूर आडवा पसरलेला,
सूर्य शेंगाचटणीत लोळवल्यासारखा.

मुंबईचं रोजचं विमान, सत्तर खुर्च्या,
बाळ्याच्या अंगानं उतरायला लागलेलं.
आणि धाराशिवकडून एक दोन खुर्च्यांचं,
कलबुर्गीचे हाडांचे डॉक्टर हत्तुरे
स्वतःच चालवत, एकटे.
म्हणाले, हिप्परगा तलावावर आहे.
मी पट्टीवर लिहिलं, हिप्परगा.
म्हणजे उत्तरेला. लांब. बरं झालं.

मोठ्या विमानात एक यंत्र असतं,
कुणी अंगावर आलं तर ओरडणारं.
पण ते हाक मारतं
आणि ओ देईल त्यालाच ओळखतं.
डॉक्टरांचा ओ देणारा डबा
महिनाभर दुरुस्तीला गेलेला.
म्हणजे त्या यंत्रापुरते डॉक्टर आकाशात नव्हतेच.
होते ते फक्त माझ्या पट्टीवर,
आणि पट्टीवरही चुकीच्या जागी.

तुला कळलं कसं, अजून विचारतात.
कळलं नाही. खटकलं.
डॉक्टर सहज बोलून गेले,
खाली किल्ला काय छान दिसतोय.

हिप्परग्याला किल्ला नाही.

नियम सांगतो, इंग्रजीत बोला, ठरलेल्या शब्दांत.
ठरलेल्या शब्दांत देऊळ नाही.
शेजारच्या महादेवीअक्कांकडून उचललेल्या
मोडक्या कानडीत मी विचारलं,
डॉक्टर, पाण्यात देऊळ आहे का?

नुसती खरखर.
मग, आहे की. मधोमध. जायला पूलपण आहे.

सिद्धेश्वराचा तलाव!
धावपट्टीच्या नाकासमोर.
जिथं मी फ्रॉकात चुरमुरे नेऊन
माशांना टाकलेत,
त्याच पाण्यावर, त्याच रेषेत
सत्तर खुर्च्या धुरातून खाली येत होत्या.

मोठ्याला म्हटलं, उतरू नका, वर चला.
लहान्याला म्हटलं, डावीकडं वळा,
हैदराबाद रस्ता दिसेल, तो धरा. आत्ता.
दोघांनी माझेच शब्द मला म्हणून दाखवले,
तसा नियमच आहे.
ते म्हणून होईतो अकरा सेकंद.

माझे वडील नरसय्या येमूल, टॉवेलच्या मागावर.
हजारो धागे, त्यातला एक तुटला
की त्याच्यावरची पत्र्याची पिन टपकन पडते
आणि अख्खा माग जागच्या जागी थांबतो.
लहानपणी मी मुद्दाम धागा तोडायची,
ती शांतता ऐकायला.
वर तसली पिन नाही.
वर थांबायची सोयच नाही,
थांबला तो पडला.

मोठ्या विमानातल्या सहवैमानिक पोरीनं पाहिलं.
डाव्या हाताला, थोडा खाली, पांढरा पंख.
मला त्यांची टोपी दिसली, ती नंतर म्हणाली.
निळी होती.

मोठं विमान एक चक्कर मारून उतरलं.
प्रवाशांना वाटलं, गाव दाखवतायत.
सामानाच्या पट्ट्याजवळ एका बाईंनी
बारा मिनिटं उशीर झाल्याची
रीतसर तक्रार दिली.

डॉक्टर मनोऱ्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिले.
माझ्या नकाशात एकच तलाव होता, म्हणाले.
दोनदा म्हणाले.
लोकांची हाडं जोडणारे हात,
चहाचा कागदी कप धरवेना.

घरी वडिलांनी विचारलं, आज काय विशेष?
एमी लेदु, मी म्हटलं. काही नाही.
ते खरंही होतं.
काही नाही, हेच तर झालं होतं.

अहवालात एक रकाना असतो,
दोन विमानांमधलं अंतर.
मी लिहिलं, टोपीचा रंग ओळखू येईल इतकं.

साहेब म्हणाले, येमूल, मीटरमध्ये लिहा.